चाखलेलं धरत नाहीत

कारखान्यात त्यांना सगळे चाखे म्हणत. ते काही त्यांचं आडनाव नव्हतं, पण इतकं चपखल बसलं होतं की नवीन लागलेले कारकून त्यांच्या नावाची पाकिटं खुशाल ‘श्री. चाखे’ अशी लिहून पाठवत आणि ती बरोबर त्यांच्याच टेबलावर येऊन पडत. दारूच्या कारखान्यात चाखणाऱ्याचं आडनाव चाखे असावं, याची बाहेरच्यांना गंमत वाटे. त्यांना स्वतःला तो मान वाटे.

वाटणारच. कारखान्यात यंत्रं पुष्कळ होती, पण जीभ एकच होती. टाकीतला माल बाटलीत उतरायच्या आधी प्रत्येक घाणा चाखेंच्या जिभेवरून जाई. ते ‘हं’ म्हणाले की नळ सुटत. ‘अंहं’ म्हणाले की मोठे साहेबसुद्धा हुज्जत न घालता माघारी फिरत. ही जीभ चाखे तळहातावरच्या फोडासारखी जपत. तिखट नाही, तंबाखू नाही, चहा घ्यायचा तो पार निवल्यावर. घरात वासाचा साबण नाही. कोणी पाहुणा अत्तर लावून आला तर बिचाऱ्याला बाहेरच्या बाहेर कटवावं लागे. बायकोने केसांना सुगंधी तेल लावणं लग्नानंतर जे सोडलं ते कायमचंच.

“इतर बायकांना सासू सांभाळावी लागते,” ती म्हणे, “मला ह्यांची जीभ सांभाळावी लागते.”

ही बायको शिवणकाम करायची. कंपनीने दिलेल्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत, खिडकीखाली तिचं मशीन होतं. आजूबाजूला उसवलेले, बेतलेले, अर्धवट शिवलेले कपडे पडलेले असत. वसाहतीत तिला सगळे टेलरवहिनी म्हणत. खिडकीतून दिवसभर कारखान्याचा आंबूस वास येई. तो तिला वास म्हणून जाणवणंही केव्हाच बंद झालं होतं.

त्या वसाहतीत संध्याकाळी झोकांड्या खात घरी येणारे पुरुष काही कमी नव्हते. चाखे मात्र नाकासमोर चालत येत. हातपाय धुऊन, कपडे बदलून एक ग्लास घेत, तोही बसून, सावकाश. कधी आवाज चढला नाही, कधी पाय अडखळला नाही. शेजारणी म्हणत, “वहिनी, तुम्ही नशीब काढलंत.” वहिनीलाही तसंच वाटायचं. नाही कशाला म्हणा, जरा तोराही होता तिला त्याचा.

मग कंपनीच्या वार्षिक तपासणीत चाखेंच्या रक्तात काहीतरी वाढलेलं निघालं आणि दोघांना पोटाच्या डॉक्टरांपुढे जाऊन बसावं लागलं. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, “लिव्हरवर सूज आहे. सोडलीत तर उत्तम. नाहीच सोडवत, तर दिवसाला दोन युनिटच्या वर जाऊ नका, आणि रोजच्या रोज मोजा. मोजल्याशिवाय माणसाला आपण किती घेतो ते कळत नाही.”

लेक परगावी नोकरीला होती. तिला हे कळताच तिने आईच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. ग्लास केवढा आणि दारू किती टक्क्यांची हे त्यात भरायचं, की ते युनिट काढून देई. दोनाच्या आत असलं तर पडदा हिरवा, वर गेलं तर लाल. आणि इकडे रंग उमटला की तिकडे लेकीच्या फोनवरही तोच उमटे.

“फोन कशाला हवा?” चाखे हसले. “तोंडी हिशेब आहे. जेवढे मिलिलिटर, त्याला टक्क्यांनी गुणायचं आणि हजाराने भागायचं. साठ मिलिलिटर, बेचाळीस पॉइंट आठ टक्के. आले अडीचच्या वर. म्हणजे मला पंचेचाळीसवर यावं लागणार.”

आले की! कुरकुर नाही, सबबी नाहीत. वहिनीने औषधाच्या मापाने पंचेचाळीस मिलिलिटर पाणी ग्लासात ओतलं, त्या रेघेवर लाल दोरा गुंडाळून डिंकाने चिकटवला आणि दुसऱ्या दिवसापासून दारू त्या दोऱ्याच्या खाली राहू लागली. रोज संध्याकाळी ती विचारी, “आज?” ते म्हणत, “दोऱ्याइतकी.” फोन हिरवा होई. थोड्याच वेळात लेकीचा अंगठा येई.

खरं सांगायचं तर वहिनीला त्या हिशेबाचा नादच लागला. खोकल्याच्या औषधाची बाटली उलटून ती त्यातले टक्के वाचू लागली. केकमध्ये घालायच्या इसेन्सचं युनिट तिने काढलं, दाढेत घालायच्या थेंबांचंही काढलं. “तुमच्या खोकल्याने आज पाव युनिट खाल्लं, तेव्हा ग्लासात तेवढी कमी,” असं ती बजावे आणि चाखे निमूटपणे ऐकत. कपडे टाकायला आलेल्या बायकाही आपापल्या नवऱ्यांचे आकडे तिच्याकडून काढून नेऊ लागल्या. त्या आकड्यांनी बायकांच्या तोंडचं पाणी पळे आणि वहिनी त्यांना चहा करून पाजे. स्वतःच्या घरातल्या हिरव्या रंगाचं समाधान तिच्या चेहऱ्यावरून लपत नसे.

पुढच्या तपासणीला आकडे वाढले. त्याच्या पुढच्या वेळी आणखी वाढले.

डॉक्टरांनी कागद चाखेंकडे न सरकवता तिच्याकडे सरकवला. “वहिनी, तुमचा फोन म्हणतो हिरवं आणि ह्यांचं रक्त म्हणतं लाल. दोघांपैकी एक खोटं बोलतंय. रक्ताला खोटं बोलता येत नाही.” चाखे शेजारीच बसले होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं तिला कळलं. त्या दिवसापासून टेलरवहिनी नवऱ्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवू लागली. धान्याच्या डब्यांत तिने हात घातले. मोरीवरच्या टाकीत वाकून पाहिलं. ते आंघोळीला गेले की त्यांच्या पिशवीचा वास घेई. एकदा तर त्यांच्या थंडीच्या कोटाचं अस्तर तिने सबंध उसवलं, आत चपटी बाटली शिवलेली असेल म्हणून. काही सापडलं नाही. घाईघाईत परत शिवताना दोरा वेगळ्या रंगाचा लागला. चाखेंनी कोट अंगात घालताना ती टीप पाहिली, बोट फिरवलं, आणि बटणं लावली.

सापडत नव्हतं काही, पण टेप तर तिच्या गळ्यातच असे. त्यांची विजार कंबरेत सैल करून द्यावी लागली. तीन महिन्यांनी पुन्हा. आणि तोच सदरा खांद्यावर मात्र लोंबायला लागला, तिथे आत घ्यावा लागला. एकाच माणसाला एकीकडे कपडा पुरत नाही आणि दुसरीकडे उरतो, असं माप तिने उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते तिला सुईत दोरा ओवून देत, त्यांची नजर चांगली होती. आता सुट्टीच्या दिवशी त्यांचा हात थरथरे आणि दोरा नेढ्याच्या आजूबाजूला फिरत राही. कामाच्या दिवशी मात्र हात स्थिर. घरी बसून कंटाळत असतील, असं तिने मनाला समजावलं होतं.

लेक चार दिवस राहायला आली तेव्हा वहिनीने तिच्यासमोरच त्यांना धारेवर धरलं.

“कुठे पिता? एकदाच सांगा. मी काही म्हणणार नाही, पण सांगा.”

“दोऱ्याइतकी घेतो. तूच ओततेस.”

“आणि बाहेर?”

“बाहेर एक थेंब नाही.”

“हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगा.”

चाखेंनी लेकीकडे पाहिलं. मग उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. “घरी घेतो त्याच्या पलीकडे मी कुठेही पीत नाही.”

लेकीने तो हात डोक्यावरून काढून टाकला. “बाबा, रिपोर्ट मी वाचलेत. शपथेवर तरी खोटं नका हो बोलू,” ती म्हणाली आणि चार दिवस न थांबता त्याच रात्रीच्या गाडीने परत गेली. त्यानंतर तिचे फोन आईलाच येत. बोलणं संपत आलं की चाखे जरा पुढे सरकून बसत, आणि वहिनी फोन ठेवून देई.

नवऱ्याशी ती वाईट वागली नाही असं कोणी म्हणू नये. वागली. जेवायला वाढताना ताट आपटलं, चारचौघांत टोमणे मारले, त्यांच्या भावाला कळवून घरी बोलावलं आणि त्याच्याकडूनही चार शब्द ऐकवले. शब्दाचा पक्का म्हणून ज्या माणसाच्या नुसत्या ‘हं’वर कारखाना चाले, त्याच्या तोंडचं एकही अक्षर घरात कोणी खरं धरेना. चाखेंनी आपली बाजू मांडायचंही सोडून दिलं.

कारखान्यातले पांढरे कोट वहिनीच शिवून देत असे. चाखेंचा कोट पोटावर बसेनासा झाला होता आणि घरी ते माप द्यायला उभेच राहत नसत. तेव्हा एका सकाळी टेप घेऊन ती थेट चाखणखोलीत गेली. इतक्या वर्षांत तिथे ती पहिल्यांदाच जात होती. बायकांनी केसांना काही लावलेलं असतं म्हणून त्यांना आत घेत नसत. ती दाराच्या काचेपाशी थांबली.

आत चाखे लांब टेबलापाशी उभे होते. समोर ग्लासांची रांग. एक उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले, घोट तोंडात घेऊन जिभेवर फिरवला. मग त्यांचा कंठ वर झाला आणि खाली आला. त्यांनी ग्लास ठेवला, कागदावर खूण केली, दुसरा उचलला. पुन्हा कंठ हलला. तिसरा. भिंतीशी थुंकायचं बेसिन होतं. त्यात धुतलेले ग्लास पालथे घालून वाळत ठेवले होते.

ती दार ढकलून आत गेली.

“अहो, हे तुम्ही गिळता?”

“तू इथे कशी?” चाखे दचकले. “काय गिळतो?”

“हे. ग्लासातलं.”

“गिळावं लागतं. नुसतं थुंकलं तर शेवटचा कडवटपणा कळत नाही. तो घशाखाली उतरताना कळतो. आमच्या उस्तादांनी हेच शिकवलं, जीभ फसते, घसा फसत नाही.”

“रोज गिळता?”

“रोजच. काम आहे ना.”

“मग मला का नाही सांगितलंत? मी रोज विचारत होते!”

चाखेंच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उमटला तो अगदी खराखुरा होता. “अगं, तू पिण्याचं विचारत होतीस,” ते म्हणाले. “हे पिणं कुठे आहे? चाखलेलं कोणी धरतं का? तू स्वयंपाकात मीठ चाखून बघतेस, ते जेवले म्हणून सांगतेस का कोणाला? इथे कोणीच धरत नाही.”

खरंच कोणी धरत नव्हतं. उस्तादांनी धरलं नव्हतं, आणि ते पन्नाशीतच पोट फुगून गेले होते. तेव्हाही कारखान्याने त्यांच्या नशिबालाच बोल लावला होता.

“एका ग्लासातलं किती?” वहिनीने विचारलं.

“दोन चमचे. दहा मिलिलिटर. त्यातही निम्मं पाणी.”

“आणि ग्लास किती?”

“तीसेक. गर्दी असली की जास्त.” एवढं बोलून ते थांबले. हिशेब तोंडी करायची सवय होती. गुणाकार त्यांच्या डोक्यात आपोआप झाला, भागाकारही झाला. त्यांनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला आणि स्टुलावर बसले. “सहा,” ते म्हणाले. “सहाच्याही वर. आणि संध्याकाळचे दोन वेगळे.”

वहिनीला आधी काय वाटलं असेल तर आनंद. हो, आनंदच. माझा नवरा खोटारडा नाही, हे त्या गडबडीत तिला सगळ्यात आधी सुचलं. आणि मग ते उसवलेलं अस्तर, ते आपटलेलं ताट, लेकीच्या डोक्यावरून झटकलेला तो हात, सगळं तिला एकदम आठवलं. हातातल्या टेपने माप घ्यायचं सोडून ती तिथेच रडत उभी राहिली. चाखे तिची समजूत काढत होते, “अगं, कळलं ना आता? मोजायला चुकलो, एवढंच. आता नीट मोजू.”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आता मोजायचं काही राहिलं नाही, म्हणाले, लिव्हर घट्ट होत चाललंय, यापुढे थेंबसुद्धा विष आहे. चाखेंना दवाखान्यात ठेवलं. तिथे त्यांना घाम सुटे, अंग थडथडे, भिंतीवर मुंग्या दिसत. सुट्टीच्या दिवशी थरथरणारा तो हात कंटाळ्याने थरथरत नव्हता, हेही तेव्हा कळलं. तिथून उठून आल्यावर कंपनीने त्यांना खोकी भरायच्या शेडमध्ये बसवलं. वहिनीने लाल दोऱ्याचा ग्लास फोडून टाकला. घरात काही दिवस बरे गेले. लेकीला सगळं सांगितलं तेव्हा ती फोनवर रडली, पण बाबांशी बोलायला तिला धीर होईना. “येईन तेव्हा बोलते,” ती म्हणे.

शेडमध्ये चाखे खोक्यांवर पट्ट्या चिकटवत. कोणी ‘काय चाखे’ म्हणून हाक मारली की त्यांचं तोंड उतरे. तिकडे नव्या चाखणाऱ्याच्या हातून दोन घाणे बिघडले, आणि मोठे साहेब स्वतः वसाहतीत आले. पुढच्या खोलीत उसवलेल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून त्यांनी चहा घेतला आणि सांगितलं, “नुसते महत्त्वाचे घाणे बघा. आणि थुंका. आमची काही हरकत नाही.”

वहिनी तेव्हा आडवी आली. “घर सोडू. भाड्याने कुठेही राहू. मी शिवेन, दोघांपुरतं सहज होईल.”

“आणि मी काय करू?” चाखेंनी विचारलं.

ज्या माणसाजवळ एवढी एकच गोष्ट होती त्याला ती टाकून दे म्हणायचं, तर त्याच्या हातात दुसरं काय द्यायचं, हे तिला कुठेच सापडलं नाही.

ते गेले. थुंकले. पहिल्याच महिन्यात त्यांनी ‘हं’ म्हटलेला एक घाणा दुकानांतून परत आला, कडवट लागतो म्हणून. चाखे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, तिच्या मशीनपाशी उभे राहिले आणि म्हणाले, “आज गिळलं. बारा ग्लास. अडीच युनिट झाले. लिही.”

तिने मशीन थांबवलं. ओरडली, रडली, हात जोडले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच उभे. “अठरा ग्लास. जवळजवळ चार.” मग पाच. मग पुन्हा सहा, आणि त्याच्या वर. ते एकही ग्लास लपवत नसत. पूर्वी धरायचे राहिले होते त्याची जणू भरपाई करत. फोन रोज लाल होई आणि थोड्याच वेळात वाजे. लेकीला दिवस गेले होते. “आई, आजही?” एवढंच ती विचारी आणि मग पलीकडून नुसतं मुसमुसणं ऐकू येई. डॉक्टरांनी औषधं बदलली, आणखी एकदा दवाखान्यात ठेवून पाहिलं, आणि शेवटी तेही हात टेकून बसले. वहिनीने या वर्षात तिसऱ्यांदा विजारीची कंबर उसवली तेव्हा आत सोडायला कापडच उरलं नव्हतं. तिने दुसऱ्या कापडाचा तुकडा जोडला.

एके संध्याकाळी चाखे आले. डोळ्यांचा पांढरा भाग आता पिवळट झाला होता. तिच्या मशीनपाशी नेहमीच्या जागी उभे राहिले.

“एकतीस,” ते म्हणाले. “म्हणजे सहा पूर्णांक…”

“थांबा.” तिने फोन मांडीवर घेतला होता, पण बोट हलत नव्हतं. “अहो, आज कमी सांगा.”

“कमी कसं सांगू? तेवढे झालेत.”

“मला माहितीये. तरी सांगा. पोरगी रोज रडते. तिच्या पोटात बाळ आहे. आजच्या दिवस माझ्याशी खोटं बोला.”

चाखेंनी तिच्याकडे पाहिलं. ह्याच खोलीत, ह्याच बाईने खरं बोला म्हणून त्यांच्यामागे टुमणं लावलं होतं. ते खाली बसले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“नऊ,” ते म्हणाले. “नऊच ग्लास झाले आज. दोनाच्या आत.”

तिने नऊ लिहिलं. पडदा हिरवा झाला. दोघंही त्या हिरव्याकडे बघत बसली. तेवढ्यात फोन वाजला.

“आई, हिरवं आलंय!” लेकीचा आवाज सबंध खोलीत ऐकू गेला. “खरंच? बाबांना दे. दे ना पटकन.”

वहिनीने फोन पुढे केला. चाखेंनी तो दोन्ही हातांनी धरला. “हो गं,” ते म्हणत होते, “हो… नऊच… हो, आता असंच… तू जेवलीस का? नीट जेवत जा.” पलीकडून ती बोलत होती, हसत होती, किती महिन्यांचं साठलेलं सांगत होती. ते ऐकत होते आणि पिवळ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

बोलणं झाल्यावर त्यांनी फोन तिच्याकडे परत दिला. वहिनीने सुईत दोरा ओवायला घेतला, तो ओवता येईना. चाखेंनी विचारलं,

“उद्या किती सांगू?”